सोनवणेभाऊंची समानता

"ताई, ह्या यंत्रात म्हणे जगातल्या कुणाशीही भांडता येतं. खरं का?"

सोनवणेभाऊंनी माझ्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलेला हा पहिला प्रश्न. गुजरातेत उधन्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी आधी एसटीडी बूथ चालवायचे. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्यात दोन कॉम्प्युटर घातले आणि बाहेर 'सायबर कॅफे' असा बोर्ड लावला. येणारी सगळी कॉलेजातली गुजराती पोरं. कुणाला मुलींशी गप्पा मारायच्या, कुणाला अमेरिकेतल्या मामाला निरोप पाठवायचा. भांडायला मिळेल का, असं विचारत आलेला हा पहिलाच. मी म्हटलं, "का हो भाऊ, भांडायला घरी कुणी नाही वाटतं?" मी बोलायला अशीच फटकळ. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "नाही," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

चाळिशीला टेकलेला माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, केसांना चप्प तेल, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी ह्यांना रांगेत मागे ढकललं असावं. उधन्यातल्याच एका डाईंग मिलच्या ऑफिसात ते इंग्रजी पत्रं टाइप करायचे. शेठ गुजरातीत दोन वाक्यं बोलायचा आणि हे त्याचं पानभर इंग्रजी करून कलकत्त्याच्या नाहीतर मद्रासच्या व्यापाऱ्याला पाठवायचे. बोटं अशी चालायची की कीबोर्डकडे बघायची गरज नाही. पण सगळी हयात टाइपरायटरवर गेलेली. ओळ संपत आली की डावा हात आपोआप वर उठायचा, मशीनचा दांडा ढकलायला, आणि हवेतच फिरून परत यायचा. पोरं बघून हसायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

ह्यांचं गाव अमळनेरच्या बाजूचं, म्हणजे आमच्याकडचंच. त्यामुळे घरची अर्धी हकीकत मला लवकरच कळली. आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. चार दिवस झोके खेळायचे, गाणी म्हणायची, आणि सण उरकला की सासरचं कुणीतरी आणायला जातं. सासरा, दीर, कुणीच नसलं तर नवरा. बाई आपली आपण पिशवी उचलून परत आली, तर लोक म्हणणार, हिला कुणी विचारलं नाही, हीच आली लोचटासारखी. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं.

भाऊंची बायको रत्ना, मी कॉम्प्युटर आणले त्याच्या आदल्या अखाजीला माहेरी गेली होती. जायच्या आधी घरात वाजलं होतं. गल्लीतल्या बायकांबरोबर तिलाही साड्यांच्या धागाकटिंगचं काम धरायचं होतं. भाऊ म्हणाले, ऑफिसात बसणाऱ्याची बायको ओट्यावर बसून धागे कापणार नाही. तिचा भाऊ न्यायला आला तशी ती त्याच्याबरोबर गेली. ह्यांचे वडील वारलेले, पाठचा कुणी नाही. म्हणजे आणायला ह्यांनाच जायला हवं होतं. हे गेले नाहीत. "ती काय कुक्कुलं बाळ आहे? भुसावळ पॅसेंजर तिला माहीत नाही? बायकांना समानता पाहिजे ना? मग आपल्या पायांनी यावं." तिकडून दोनदा निरोप आला, आणायला या. मग निरोप यायचे थांबले. ह्यांनी त्याचा अर्थ लावला की बायकोने मला सोडलं. तिकडे त्यांनी अर्थ लावला की जावयाने पोरीला टाकलं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये रडून दोघांना एकत्र आणणारंही कुणी नव्हतं.

तर असा हा माणूस जगाशी भांडायला आला. बायकांनी छळलेल्या नवऱ्यांची कुठेतरी संघटना निघाली आहे असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. शोधता शोधता त्यांना एक ई-मेलचा गट सापडला. त्यात देशभरातले पुरुष आणि बायका कायद्यांवरून, हुंड्यावरून, पोटगीवरून इंग्रजीत कचाकचा भांडायचे. भाऊ त्यात शिरले आणि पाण्यात सोडलेल्या म्हशीसारखे रमले. मिल सुटली की सरळ माझ्याकडे. फोनची लाइन लागायला वेळ लागे, पान उघडायला त्याहून जास्त. तेवढ्या वेळात ते मला सगळं भांडण मराठीत करून सांगायचे. मी भाजी निवडत ऐकायचे.

"हे बघा ताई, मी लिहिलं, कायदा सगळ्यांना सारखा पाहिजे. खोट्या तक्रारीवरून म्हाताऱ्या आईबापाला कोठडीत टाकतात, हा कुठला न्याय?"

"बरोबर आहे की मग."

"थांबा. त्यावर ती नागपूरची शोभा काय म्हणते? म्हणते, खोट्या तक्रारींचं दुःख मलाही आहे, पण ज्या पोरींना तक्रार करायला पोलीस ठाण्यापर्यंत पोचताच आलं नाही, त्यांची दाद कुणाकडे मागायची?"

"हेही बरोबरच आहे."

"ताई, मुद्द्यावर या! दोन्ही बरोबर कसं असेल?"

"माझ्या घरात तर रोज असतं," मी म्हणायचे. मग ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की हिच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही.

'मुद्द्यावर या' हे त्यांचं पालुपद. चहावाल्याने साखर जास्त घातली तरी त्याला हेच ऐकवायचे. गंमत म्हणजे स्वतःचा मुद्दा सोडून त्यांना सगळे मुद्दे दिसायचे. एकदा ते बायकांच्या राखीव जागांविरुद्ध तावातावाने टाइप करत होते. तेवढ्यात एक पोटुशी बाई फोन लावायला आत आली. भाऊ ताडकन उठले, तिला आपली खुर्ची दिली आणि उभ्याउभ्याच, वाकून, राखीव जागा हा पुरुषांवर अन्याय कसा आहे ते पुरं केलं. मी म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "ते तत्त्व आहे, ताई. हे वेगळं."

ती शोभा नागपूरला कुठल्याशा कॉलेजात शिकवायची. भांडण सगळ्या गटाशी असलं तरी हळूहळू ते ह्या दोघांचंच उरलं होतं. ती ह्यांचं प्रत्येक वाक्य वाचायची. नीट वाचायची, हे महत्त्वाचं. ह्यांच्या तिसऱ्या परिच्छेदातली चूक काढून दाखवायची. भाऊ चिडायचे, आणि आतून सुखावायचे. मला वाटतं, त्या दिवसांत त्यांनी लिहिलेलं मन लावून वाचणारी ती एकटीच होती. मिलमध्ये शेठ पत्राखाली न वाचता सही करायचा, आणि घरी तर भिंती होत्या. एकदा तिने लिहिलं, आई दवाखान्यात आहे, दोन-चार दिवस भांडू शकणार नाही. भाऊंनी उत्तर दिलं, 'आधी आई. मुद्दा कुठे पळून जात नाही.' मग ते चारही दिवस येऊन नुसते कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि उठून जायचे. मी विचारलं, "गटात बाकीची माणसं आहेत ना? त्यांच्याशी भांडा." म्हणाले, "त्यांना भांडता येत नाही, नुसतं ओरडता येतं."

हे ओरडणारे बहुतेक ह्यांच्याच बाजूचे होते. 'सोनवणेजी, तुम्ही आमचे वाघ' वगैरे लिहायचे. मग एका दिवशी त्यातल्या कुणीतरी शोभाला घाणेरडं लिहिलं. भाऊंनी ते मला मराठीत करून सांगितलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला इतकंच म्हणाले, "आईबहिणीवर गेले." त्या संध्याकाळी कीबोर्ड असा वाजला की मला वाटलं फुटतोय आता. त्यांनी आपल्याच बाजूच्या पंधरा-वीस जणांना झोडपलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या लोकांचं उत्तर हजर: हा फितूर आहे, हा बाईलवेडा आहे, ह्याला बायकोने लाथ मारली तेच बरं केलं. आता बाजूही गेली. ह्या बाजूला एकटे सोनवणेभाऊ आणि त्या बाजूला शोभा, असं भांडण सुरू राहिलं.

मग त्यांच्या डोक्यात आलं की हे ई-मेलवाले फुसके आहेत, खरे पुरुष आपल्या आजूबाजूला आहेत. आपण इथेच 'पुरुष हक्क मंडळ' काढू. माझ्याच दुकानात रविवारी सकाळी सभा ठेवली. मी म्हटलं, बायकांविरुद्धची सभा बाईच्या दुकानात? म्हणाले, "बायकांविरुद्ध नाही, ताई, अन्यायाविरुद्ध. आणि चहा मी सांगतो." जवळच्या नवागामहून लूमवर काम करणारे चार जण आले, सगळे आमच्याकडचेच. त्यांना वाटलं होतं की बोनसचं काही असेल. भाऊंनी उभं राहून भाषण केलं, समानता, कायदा, स्वाभिमान. मग म्हणाले, "आता एकेकाने सांगा, तुमच्यावर घरात काय अन्याय होतो?"

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. एका खोलीत दहा-दहा जण राहणारी, पाळीपाळीने झोपणारी माणसं ती. शेवटी त्यातला थोराड होता तो घसा खाकरून आमच्या बोलीत म्हणाला, "भाऊ, बायको गावमा शे. हाऊच अन्याय."

"मन्हीबी गावमाच शे," दुसरा म्हणाला.

मग काय, धरणच फुटलं. कुणाच्या बायकोच्या हाताचं भरीत, कुणाची पोरगी बापाला ओळखत नाही, कुणी दिवाळीला गेला तर बायको लाजून समोरच येईना. तास-दीड तास ते आपल्या बायकांबद्दल बोलत होते आणि तक्रार एकाचीही नव्हती. भाऊ आधी अधूनमधून 'मुद्द्यावर या' म्हणत होते. मग तेही थांबलं. खिडकीतून बाहेर बघत ऐकत राहिले. जाताना त्या थोराडाने विचारलं, "तुमनी बायको कथी शे, भाऊ?" बायको कुठे आहे ते न सांगता ह्यांनी चहाचे पेले गोळा करायला घेतले. मंडळाची दुसरी सभा काही झाली नाही.

त्यानंतर ते अंगात ताप असल्यासारखे लिहू लागले. एका दिवशी नवऱ्याला सोडून जाणाऱ्या बायकांवर लांबलचक लेख पाठवला. 'एक पुरुष असा आहे', 'समजा एका पुरुषाची पत्नी निघून गेली', असं सगळं तिसऱ्याचं करून लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी शोभाचं उत्तर आलं. एरवी ती दोन पानं लिहायची, ह्या वेळी एकच ओळ होती. भाऊंनी ती कितीतरी वेळ वाचली. मी कोथिंबीर बाजूला ठेवून म्हटलं, "काय म्हणते?"

"म्हणते, तुम्ही तिला आणायला गेला होता का?"

नागपूरची असली तरी आपल्यातलीच बाई, आणायला जायची रीत तिला कळणारच. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला कसं कळलं, ताई? मी कुठेच माझं म्हणून लिहिलं नाही."

मला तेव्हा इतका राग आला की माझी दुकानातली भाषाच सुटली. "तिनं ऱ्हाऊ द्या! मी इचारस, तुम्ही गया व्हतात का तिले लेवाले?" मग भानावर येऊन म्हटलं, "अहो, जगाला कायदा शिकवता! ती तिकडे दारात बसून असेल, आज येतील, उद्या येतील. तुम्ही म्हणता तिने यावं. आमच्यात येते का कुणी अशी? आली असती तर तुम्हीच म्हणाला असता, बघा, कशी मुकाट आली!" खोट्याला खोटं म्हणायची त्यांना सवय होती, खरं ऐकायची नव्हती. त्या दिवशी लाइन चालू असूनही त्यांनी उत्तर लिहिलं नाही.

पुढची अखाजी झाली आणि ते निघाले. आदल्या दिवशी मला साडी दाखवायला आणली, मिलमधून स्वतः निवडलेली, गुलाबी. "रंग पक्का आहे, मी विचारून घेतलं," म्हणाले. केस कापलेले, बूट पॉलिश केलेले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इच्छापोरच्या एका कारखान्यातून त्यांना चांगल्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. ते त्यांनी थांबवून ठेवलं होतं, ती आली की नव्या जागी नवं घर मांडू म्हणून. दोन कुकर होईपर्यंत मी त्यांना समजावलं, तिकडे जाऊन समानतेवर बोलू नका. ते चक्क हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

तीन दिवसांनी संध्याकाळी स्टेशनवरून थेट दुकानात आले. खांद्याला एक कापडी पिशवी. मी त्यांच्या मागे दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. ते बसले, आणि शेठचं पत्र वाचून दाखवावं तसं, एकापुढे एक सगळं सांगितलं.

रत्नाच्या भावाने गावात पिठाची गिरणी टाकली होती, आणि आता ती रत्नाच चालवत होती. हे पोचले तेव्हा ती गिरणीतच होती, केसांवर, पापण्यांवर पीठ. ह्यांना बघून पट्टा बंद केला नाही. म्हणाली, "बसा, दोघींचं दळण राहिलंय." रांगेतल्या बायका टकमका बघत होत्या. हे बाकावर बसले. पट्ट्याचा आवाज बदलला की तिला आत बघायच्या आधी कळायचं काय अडकलंय, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. घरी सासूने जावई आला म्हणून मांडे केले. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. रत्नाने स्वतः वाढलं. नळाला पाणी वेळेवर येतं का, विचारलं. स्वयंपाकघराच्या पत्र्यातून अजून गळतं का, विचारलं. साडी हातात घेतली, रंग चांगला आहे म्हणाली. ह्यांना वाटलं, झालं, मिटलं. सकाळी हे निघाले तशी तीही चप्पल घालून बरोबर निघाली, हातात ही पिशवी. हे पुढे, ती मागे, असे दोघं फाट्यापर्यंत आले. एसटी आली. हे चढले, तिच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि वळून बघितलं, तर ती खालीच. खिडकीतून तिने पिशवी आत दिली. म्हणाली, "दशम्या आहेत. वाटेत खा."

"अहो, पण तुम्ही तिला विचारलंत का, येतेस म्हणून?" मी म्हटलं.

"आणायला गेल्यावर विचारतात का कुणी, ताई?" ते म्हणाले. "आपल्याकडे माणूस दारात आला की बाई तयार होते. माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं. मला सुचलंच नाही." खांद्यावरची पिशवी काढून मांडीवर घेतली. "मग विचारलं. खिडकीतून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'पहिल्या साली आला असतात ना, तर न विचारताच आले असते.'"

रागावू तरी कुणावर? तिची काय चूक होती? आणि ह्यांच्याकडे बघून जीव तुटत होता. दोन वर्षं ह्या माणसाने समानतेवर पानंच्या पानं लिहिली, आणि बायकोला काय हवंय हे विचारायचं असतं, हे त्यांना एसटीच्या खिडकीत कळलं. भाऊंनी उठून कॉम्प्युटर लावायला सांगितलं. शोभाला दोन वाक्यं लिहिली: 'गेलो होतो. ती मजेत आहे.' बाई तेव्हा तिकडे समोरच बसलेली असावी, कारण लगेच उत्तर आलं. भाऊंनी मला वाचून दाखवलं. "म्हणते, आणि तुम्ही?"

भाऊंनी बोटं नुसतीच कीबोर्डवर ठेवली. मग लाइन तुटली, आणि त्यांनी ती परत लावायला सांगितली नाही. रोजच्यासारखं 'येतो, ताई' म्हणून गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी खोली सोडली आणि इच्छापोरची नोकरी धरली. तिकडे कंपनीचीच राहायची सोय होती, एकट्या माणसांची. जायच्या दिवशी दुपारी मला ते रस्त्यापलीकडे चहाच्या लारीवर दिसले. पायाशी ट्रंक आणि वळकटी, मांडीवर ती कापडी पिशवी. पेल्यात दशमी बुडवून खात होते. दशमी दुधात मळलेली असते, टिकते, पण किती टिकणार? वाळून खडंग झाली होती. एकेक तुकडा चहात धरून ठेवायचे, मऊ व्हायची वाट बघायचे, मग तोंडात घालायचे. मला राहवलं नाही. इकडूनच ओरडले, "भाऊ, टाकून द्या ते शिळं! घरात या, गरम भाकरी टाकते."

त्यांनी मान वर करून बघितलं. पिशवीचं तोंड हाताने मिटून घेतलं.

"नको, ताई," म्हणाले. "अजून दोन आहेत."